डाव्या टाकीचं पाणी

रविवार, २

"हिला पाण्याची भीती वाटते, हिला कशाला आणलंस?" बावीस वर्षांपूर्वी ताई हे माझ्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. माझ्यासमोर. लग्नाला आठ दिवस झाले होते, माझा एक पाय धक्क्यावर होता, एक बोटीत, आणि मधली फट रुंदावत चालली होती. हात कुणी दिला ते आठवत नाही. वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं.

आज त्याच बोटीवर आम्ही तिघं राहायला आलो. मी, हा आणि याची मोठी बहीण, म्हणजे ताई. सासऱ्यांनी जाताना ही बारा मीटरची शिडाची बोट दोघा भावंडांच्या नावे केली. पंचवीस तारखेला, मंगळवारी, निघायचं. बावीस दिवस जमीन दिसणार नाही. ताईंनी या प्रवासासाठी तीस वर्षं वाट पाहिली आहे. एकदा सगळी बांधाबांध झाल्यावर सासऱ्यांना झटका आला आणि पुढची अकरा वर्षं ताईंनी त्यांना उचलण्या-बसवण्यात काढली. लग्नही केलं नाही. आता चौपन्न वर्षांच्या आहेत. "या वर्षी वारा फिरला की मीही फिरले," म्हणतात. म्हणजे अनुकूल वाऱ्याचे हे दिवस गेले तर पुढच्या वर्षी गुडघे ऐकणार नाहीत.

आणि मी का येतेय? मुलगी शिकायला लांब गेली, घर रिकामं झालं, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की नवऱ्याला बावीस दिवस ताईंच्या ताब्यात सोडायची माझी तयारी नाही. स्वतःच्या वहीत खोटं लिहून काय करू?

मंगळवार, ४

आज पाण्याच्या टाक्या उघडल्या. बोटीच्या मधल्या खोलीत दोन्ही बाजूंना लांब बाकं आहेत, गादी उचलली की खाली एकेक स्टीलची टाकी. दोनशे दोनशे लिटर. डाव्या टाकीचं पाणी पुढे ताईंच्या केबिनमध्ये जातं, त्यांच्या बेसिनला आणि न्हाणीला. उजवीचं स्वयंपाकाच्या ओट्याला आणि मागे आमच्याकडे. वाटणी आधीच झालेली.

टाकीचं मोठं झाकण चोवीस बोल्टांनी बसवलेलं. ते निघालं आणि असा वास आला, की हा सरळ डेकवर गेला. आत भिंतींना बुळबुळीत साय धरलेली, तळाशी तपकिरी गाळ. पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीच्या मधोमध एक आडवी भिंत असते, तिच्या पलीकडे हात पोचत नाही. खांद्यापर्यंत आत घालून, गाल टाकीच्या तोंडाच्या कडेवर दाबून, न बघता घासायचं.

मी म्हटलं, "ताई, आधी दोघी मिळून उजवी करू, मग डावी."

"नको. आपापलं पाणी आपणच बघावं. तुझी पद्धत मला माहितीये."

"माझी कसली पद्धत?"

"दिसतं तेवढं पुसायचं."

हा वरून म्हणाला, "झालं का सुरू?" आणि दोर गुंडाळत राहिला.

बुधवार, ५

घासून झालं. मग पाण्याचा फिल्टर काढून ठेवला (क्लोरीन त्यातून गेलं तर फिल्टर मरतो आणि पुढच्या नळ्यांना क्लोरीन मिळत नाही), टाकी भरली, दर लिटरला एक मिलिलिटर ब्लीच टाकलं. सगळे नळ एकेक करून वास येईपर्यंत सोडले. उद्यापर्यंत तसंच ठेवायचं, मग रिकामं करून दोनदा विसळायचं.

मला उजवी टाकी घासायला तीन तास लागले. ताईंना डावीला सात. सात तास! मध्ये जेवायलाही उठल्या नाहीत. दाखवायचं असतं ना. मी चहा नेला तर म्हणाल्या, "ठेव. गार झाला की पिते." खांद्यावर टाकीच्या कडेचा लालभडक वळ उठला होता. दोन जुने टूथब्रश काठीला बांधून काहीतरी चाललं होतं.

शनिवार, ८

टाक्यांचे काटे बंद आहेत. आत किती पाणी आहे हे कळायला मार्ग नाही आणि ताई न्हाणीत शिरल्या की पाण्याचा आवाज थांबत नाही. समुद्रात हे चालणार नाही. दोनशे लिटर म्हणजे दिवसाला नऊ लिटर. कुणीतरी हिशेबात राहायला हवं.

याला म्हटलं, एक काठी करून दे, दहा दहा लिटरच्या खुणा पाडून.

"कशाला?"

"पाणी किती उरलं ते कळायला."

याने माझ्याकडे पाहिलं, डाव्या बाकाकडे पाहिलं आणि चाकू घेऊन बसला. "खुणा डावीच्या पाडू ना?" एवढंच विचारलं. शहाणा आहे.

ताई रोज सकाळी धक्क्यावर फिरायला जातात, पाऊण तास. तेवढ्यात गादी उचलायची, टाकीच्या माथ्यावरचं छोटं फिरकीचं झाकण काढायचं, काठी तळापर्यंत सोडायची, ओली खूण बघायची. अर्ध्या मिनिटाचं काम. काठी ठेवायची कुठं हा प्रश्न होता, कारण ताई रोज कुठलं ना कुठलं कपाट "लावतात". शेवटी जमिनीची फळी उचलून खालच्या खळग्यात ठेवली. बोटीत जे जे सांडतं ते तिथं उतरतं, डिझेलचे थेंब, केस, साबणाचं पाणी, संडासाच्या पाइपची ती जुनी गळती. तिथं कुणी वाकत नाही. मी काठी वरच्या आडव्या पट्टीवर ठेवते, पाण्याला लागत नाही. आणि टाकीत घालण्याआधी फडक्याने पुसते.

मंगळवार, ११

रविवारी चौदा लिटर. काल एकोणीस. आज सव्वीस! आमच्या दोघांचं मिळून एवढं नसेल. आणि वर ताई मला पाण्याची काटकसर शिकवणार.

दुपारी न राहवून विचारलं, "ताई, काल केस धुतलेत का?"

"का? आता माझ्या केसांवरही पहारा?"

"सहज विचारलं."

"तू सहज काही विचारत नाहीस. बावीस वर्षांत एकदाही नाही."

हा मध्ये बसून नकाशा बघत होता. नकाशा उलटा धरला होता.

ताईंनी आज आमच्या जिन्याच्या बाजूला एक दोर बांधला, वीत वीत अंतरावर गाठी मारून. बोट कललेली असताना मी उतरताना दोनदा घसरले होते, म्हणून. म्हणजे प्रत्येकाने येता-जाता बघावं, की इथं एक बाई धडपडते. मी तो दोर मुद्दाम धरत नाही.

बुधवार, १२

एकतीस लिटर.

जेवताना ताई म्हणाल्या, "माझ्या पाण्याला वास येतोय. डिझेलसारखा."

"आमच्या नाही येत," मी म्हटलं. "तुम्हीच सात तास घासली ना?"

"म्हणूनच म्हणतेय."

"मग ओट्याच्या नळाचं घ्या की प्यायला."

"तुझ्या नळाचं? नको, बाई. मग एकेक पेला ऐकवत बसशील."

मला खरंच हसू आलं. बाटली घेऊन आपल्या केबिनमध्ये गेल्या. तिथला नळ कितीतरी वेळ वाहत होता. दुष्टपणाने सोडतात, मला ऐकू यावं म्हणून.

शुक्रवार, १४

ताई आजारी आहेत. काल दुपारपासून उलट्या, जुलाब, मग ताप. आधी म्हणाल्या, "काही नाही, होईल बरं." संध्याकाळी न्हाणीच्या दारातच बसल्या, उठता येईना. याने काल सबंध सकाळ फळ्या उचलून संडासाचा पाइप दुरुस्त करण्यात घालवली होती, तो दमलेला. दोघांनी धरून त्यांना बोटीतून वर काढलं. किती हलक्या आहेत. माझ्या गळ्यात हात टाकावा लागला त्यांना. टाकला, पण तोंड दुसरीकडे केलं.

इस्पितळात दाखल केलंय. मूत्रपिंडाला त्रास झालाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सलाइन चालू आहे. "पाणी कुठलं पिता?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटतंय हे बघून बरंही वाटलं. असं लिहायला नको, पण तसंच झालं.

रविवार, १६

याने दोन्ही टाक्यांचं पाणी बंदराच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलं होतं. उजवी स्वच्छ. डावी पिण्यास अयोग्य, जंतू भरलेले, तेलाचा अंश.

कागद हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा लेखी काहीतरी मिळालं होतं.

वॉर्डात गेले. समोर बसून अगदी शांतपणे म्हटलं, "ताई, त्या आडव्या भिंतीमागे हात पोचला नसेल तुमचा. होतं असं."

"पोचला होता."

"कागदावर लिहिलंय."

ताईंनी खोलीच्या भिंतीकडे तोंड वळवलं. दारात उभा असलेला हा मग डॉक्टरीणबाईंना भेटून आला. किमान तीन आठवडे विश्रांती, समुद्राचं नावही नको. तीन आठवड्यांनी निघायचं तर वारा शेवटच्या टोकाला येतो. म्हणजे जाता येतं, पण दगदगीचं. याला ते नको आहे. फेरीबोटीवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार आहेत, ताईंच्या जागी ते येतील. बंदर सोडायला दोन्ही मालकांची संमती लागते. याने कागद पुढे केला. ताईंनी न वाचता सही केली. सलाइनच्या हातानेच, त्यामुळे अक्षर वाकडं आलं.

"जा, बाळ्या," याला म्हणाल्या. "बाबांची बोट धक्क्याला सडायला नको."

बाहेर आल्यावर याने मोठा श्वास सोडला. मीही.

मंगळवार, १८

डावी टाकी पुन्हा करायला घेतली. यावेळी मी. मोठ्या तोऱ्यात चोवीस बोल्ट काढले. प्रत्येक बोल्टाशेजारी बारीक आकडा घातलेला, कुठला कुठं जातो त्याचा. ताईंचं अक्षर.

पाणी काढून टाकलं, दिवा आत सोडला.

टाकी आरशासारखी होती. आडव्या भिंतीपलीकडे छोटा आरसा धरून बघितलं, तिथंही. सांध्यांतसुद्धा, जिथं मी उजवीत नुसतं फडकं फिरवून सोडून दिलं होतं. साय, गाळ काही नाही. फक्त एका ठिकाणी, त्या फिरकीच्या झाकणाच्या बरोबर खाली, तळाला तळहाताएवढा तपकिरी डाग. त्यावर तेलाचे रंग. डागावर बोट फिरवून वास घेतला, जमिनीखालच्या खळग्यातला.

फळी उचलली. काठी पट्टीवर नव्हती, खाली पाण्यात पडली होती. बोट धक्क्याला डुलते, एरवीही काठीचं एक टोक घसरून पाण्यात जात असणार. रोज सकाळी मी ती उचलताना ओली असायची. मला वाटायचं, कालचीच ओल.

आणि ते फडकं? जमीन पुसायचं.

बुधवार, १९

काही लिहायचं नाही.

नाही, लिहिते. सकाळपासून मी वेगवेगळी कारणं शोधतेय. डेकवरून पावसाचं पाणी आत गेलं असेल. पाण्याची नळीच घाण असेल. पण मग उजवी का स्वच्छ? उजवी मी मोजली नाही. एकदाही नाही. आम्ही किती वापरतो हे बघायची गरजच वाटली नाही मला.

काठीचे चार तुकडे करून कचऱ्यात टाकले. मग परत काढून ठेवले. का, ते कळत नाही.

गुरुवार, २०

याला सांगितलं. हा डेकवर शिडाची घडी घालत होता.

ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलंच होतं?"

"पाइप बघायला फळ्या उचलल्या ना मी त्या गुरुवारी, तेव्हा काठी दिसली. पाण्यात."

"आणि बोलला नाहीस? मी वॉर्डात बसून त्यांना ऐकवत होते, तू दारात होतास!"

"बोलून काय झालं असतं? ती बरी झाली असती?" शिडाची घडी गुडघ्याने दाबत तो म्हणाला. "खरं सांगू? तुम्हा दोघींना घेऊन बावीस दिवस या डब्यात... मी घुसमटून मेलो असतो. एक घरी राहिली असती तर बरं, असं मलाही वाटत होतं. आपोआप सुटलं. आता उकरू नकोस."

"कुणी राहिलं असतं तर बरं? मी का त्या?"

"तुम्ही दोघी ना, अगदी सारख्या आहात," म्हणाला. हसत.

मी इतकी वर्षं समजत होते, की हा बिचारा दोघींच्या कात्रीत सापडलेला आहे. कात्री याच्याच हातात होती.

"आपण तीन आठवडे थांबू," मी म्हटलं.

"अजिबात नाही. मंगळवारी सुटतोय."

शुक्रवार, २१

ताईंना सगळं सांगितलं. काठी, खळगा, फडकं, सकाळचा पाऊण तास. त्या छताकडे बघत होत्या.

"रोज?"

"रोज."

"किती निघायचं माझं पाणी?"

"आधी चौदा. मग वाढत वाढत एकतीस."

"वास यायला लागला म्हणून सोडून देत होते मी. नळीतलं शिळं पाणी जावं म्हणून. शेवटी तर दिवसाला वीसेक लिटर नुसतं सांडलं असेल." मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू मोजलंस म्हणून वास आला, वास आला म्हणून मी सांडलं आणि मी सांडलं म्हणून तू मोजलंस."

"हो."

"आणि तुमचं किती निघालं?"

"ते मोजलं नाही."

त्या हसायला लागल्या. इतक्या, की सलाइनची नळी हलायला लागली आणि नर्स आली. मग हसणं थांबलं आणि चेहरा तसाच राहिला, वाकडा.

"मूर्ख आहेस," म्हणाल्या. "दुष्ट असतीस तर एक वेळ बरं झालं असतं."

मी म्हटलं, "संमती मागे घ्या. बोट थांबेल. तीन आठवड्यांनी तुम्ही निघा."

"तुझ्या उपकारावर? आजवर बाबांचं केलं, बाळ्याचं केलं. आता तू मला माझीच बोट दान करणार?" डोळे मिटले. "जा. बाळ्याला सांग, ताई झोपली होती."

बाळ्याला सगळं माहीत होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण त्या अंथरुणात इतक्या लहान दिसत होत्या. आणि त्यांचं असं माणूस एकच.

रविवार, २३

सकाळी बंदराच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, सहमालकाला सुटण्याच्या आदल्या दिवशी पाचपर्यंत संमती मागे घेता येते. एक फॉर्म, एक सही. फॉर्म आणलाय. याला सांगितलेलं नाही.

तोंडाने बोलायला गेले की आम्ही भांडतो. म्हणून उद्या फॉर्मबरोबर हे पान फाडून देणार आहे.

ताई,

मला तुम्ही आवडत नाही. अजूनही. तुम्ही आजारी पडलात म्हणून आवडायला लागलात असं मी म्हणणार नाही, तुम्हाला लगेच कळेल. तुमच्या जिभेची मला बावीस वर्षं धास्ती आहे आणि ती तीन आठवड्यांत जाणार नाही.

पण हा उपकार नाही. उपकार करायला माझ्याकडचं काहीतरी द्यावं लागतं. बोट अर्धी तुमची आहे. जागा तुमची होती. वारा अजून आहे. मी त्यातलं काहीच देत नाहीये, मी फक्त जे काढून घेतलं ते जिथल्या तिथे ठेवायला आले आहे आणि त्यासाठीसुद्धा मला तुमचीच सही लागतेय. यापेक्षा माझी आणखी काय फजिती हवी तुम्हाला?

एक गोष्ट परवा सांगितली नाही. याने ती काठी पाहिली होती, तुम्ही आजारी पडलात त्याच दिवशी. तरी तुमच्यासमोर संमतीचा कागद धरला. मी तुमच्यात आणि तुमच्या भावात कळ लावतेय असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्यालाच विचारा, तो खोटं बोलणार नाही. विचारल्याशिवाय तो काहीच बोलत नाही, एवढंच.

सही केलीत तर तो माझ्यावर चिडेल. तुमच्यावर नाही, तुमच्यावर चिडायची त्याची हिंमत नाही. ते मी बघून घेईन. फेरीबोटवाल्या गृहस्थांना मी सांगेन. तुमच्याबरोबर कोण येईल, मी येईन की नाही, ते तुम्ही ठरवा. मला घेऊ नका म्हणालात तर मी धक्क्यावरून दोर सोडेन आणि घरी जाईन.

तुम्ही हा कागद चुरगळून पायाशी टाकाल आणि भिंतीकडे तोंड कराल, हे मला दिसतंय. मी तरीही बाहेर बाकावर पाचपर्यंत बसणार आहे. पेन उशाशी ठेवलंय, सलाइन नसलेल्या हाताकडे.

करा ना सही, ताई.